‘चोरली’ या क्रियापदाविषयी : बाबूराव बागूल यांची प्रारंभीची वाटचाल

पंचवटीतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी १७ जुलैला, तेथून काही मैलांवरच्या विहितगावी बाबूराव बागूल जन्मले. पुढे पाच वर्षे मंदिराचे दार बंदच राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बागूल पाच वर्षांचे होते.

त्यांचे लहानपण पुढे मुंबईत, माटुंगा लेबर कँपमध्ये गेले. तेथील वस्तीत आंबेडकरी आणि साम्यवादी असे दोन्ही विचार नांदत होते व दोहोंचा ठसा त्यांच्या लेखनावर उमटला. तरुणपणी सुरतेस रेल्वेत नोकरी मिळाली. परंतु भाड्याची खोली मिळेना, म्हणून जात लपवावी लागली. ही घुसमट असह्य होऊन त्यांनी नोकरी सोडली. धम्मदीक्षेनंतर सात वर्षांनी, १९६३ साली, त्यांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला : ‘जेव्हा मी जात चोरली होती’.

या शीर्षकातील क्रियापदापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. ‘लपवली’ असे न म्हणता लेखक ‘चोरली’ म्हणतो. पालीत चोरीला ‘अदिन्नादान’ म्हणतात, म्हणजे न दिलेले घेणे. मग येथे कोणी कोणाचे काय घेतले? सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागत सांगतात की, तृण, वृक्ष, कीटक, पक्षी यांच्यात जातिपरत्वे भिन्न लक्षणे दिसतात. मनुष्यांत ती दिसत नाहीत. शेतकरी, व्यापारी, सैनिक हे सारे कर्माने ठरतात आणि त्याच मालिकेत चोरही येतो. तोही कर्मानेच चोर! बागूलांच्या नायकाला मात्र जन्मावरून चोर ठरवून मारहाण होते. तो दोष देतो तो मारणाऱ्यांना नव्हे, मनूला.

येथे एक आक्षेप संभवतो. जात लपविणे हा मुसावाद नव्हे काय? शील सैल करून अर्थ काढणे आम्हांस मान्य नाही. असत्य ते असत्यच. पण ते असत्य लेखकालाच सलत राहिले, हे कथा वाचताना जाणवते. आडनाव बदलून शहरात राहणाऱ्या आमच्या कितीएक बांधवांनी ही कथा म्हणूनच मुकाट्याने वाचली असावी.

‘मरण स्वस्त होत आहे’ हा दुसरा संग्रह १९६९ चा. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७० साली आलेल्या ‘सूड’ या लघुकादंबरीकडे मात्र आमच्या अभ्यासकांचे तितके लक्ष गेलेले नाही. सीतेच्या आठवणी सांगणाऱ्या पंचवटीजवळ जन्मलेल्या या लेखकाने नायिकेचे नाव जानकी ठेवले, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. ही जानकी कोणाच्या मागून वनवासास जात नाही. स्त्रीदेहामुळे वाट्यास आलेल्या गुलामीशीच तिचे भांडण आहे. संयुत्तनिकायात मार सोमा थेरीला तिच्या स्त्रीत्वावरून हिणवतो, तेव्हा चित्त सुसमाहित असता स्त्रीत्वाने काय बिघडते, असे ती त्याला विचारते. जानकीला तसे शांत चित्त लाभलेले नाही. तिच्यापाशी संताप आहे.