लक्ष्मीबाईंचा कौल

खरे ख्रिस्ती जीवन म्हणजे काय आणि ते पाहून दुसऱ्याच्या मनात श्रद्धा कशी उपजते, असा प्रश्न परवा आमच्या वाचनालयाच्या बैठकीत निघाला. कोणी मिशनऱ्यांच्या शाळांची नावे घेतली, कोणी इस्पितळांची. मी ‘स्मृतिचित्रे’ पुढे केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्माला त्यांच्या पत्नीइतका कठोर परीक्षक दुसरा मिळणे कठीण होते.

लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या त्या घरी वडिलांचे सोवळे म्हणजे केवळ कहर होता. बाहेरून आलेल्या जिनसा धुतल्याखेरीज घरात येत नसत. शाळेचे तोंड पाहिले नाही; अक्षरओळख लग्नानंतर झाली. अशा बाईचा नवरा १८९३ साली नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाला असता आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटतो, सौजन्याने बोलतो, हाती ‘नवा करार’ देतो. टिळक ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या रीतीने ही गोष्ट पत्नीच्या कानी गेली, ती मला कधीच पटलेली नाही. पदरी लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि नातलगांच्या आधाराने दिवस कंठायचे! टिळकांच्या चरित्रात या दुःखाला फार तर एखादे पान मिळते. लक्ष्मीबाईंनी मात्र ते दिवस जसेच्या तसे मांडले आहेत, आणि तेही नवऱ्यावर राग न धरता, मधूनच हसत. टिळकांची त्या वेळची पत्रे, विनवण्या, वादविवाद यांनी काही साधले नाही. शब्दाला धार होती. पण ती ज्या माणसाला टोचत होती त्याच्यापुढे उदाहरण नव्हते.

चारएक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरास नवऱ्याकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. आणि टिळकांचे खरे मोठेपण मला इथे दिसते. एका छपराखाली ते ख्रिस्ती, बायको कडक ब्राह्मण. हे त्यांनी निमूट चालू दिले. ‘आता तरी ये’ असा तगादा नाही. या माणसाजवळ पैसा टिकत नसे; घरखर्चाला आलेले रुपये कोणाच्या तरी अडचणीत जात आणि घरात डाळ आहे की नाही ही चिंता बाईंना. रागावणे विलक्षण, पण निवळणेही तितकेच झटपट. बाई हे सगळे रोज पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे हे पुस्तकाचे पान न् पान सांगते.

पुढे राहुरीच्या मुक्कामात एके दिवशी एकट्याच बसल्या असता त्यांच्या मनात आले, की जात देवाने केली की माणसाने? उपदेश करायला जवळ कोणी नव्हते. उत्तर त्यांचे त्यांनीच दिले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. आधी शिवाशीव गेली, मग बाप्तिस्मा आला, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी दारात ओढले असते तर बाई उंबऱ्यावरच अडून बसल्या असत्या!

आमच्या बैठकीतल्या एका स्नेह्यांनी इथे शंका काढली: म्हणजे अखेर सगळा खटाटोप धर्मांतरासाठीच ना? त्यांना मी बालकवींची आठवण दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा खानदेशातला पोरसवदा कवी नगरास टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले, त्याचे रुसवे काढले, त्याच्या खोड्यांवर हसल्या. ठोमरे हिंदू राहिले. १९१८ साली रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. त्या घराची ओढ त्यांना होतीच. तिची किंमत कोणी त्यांच्याकडे मागितली नव्हती. स्नेही काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ठोमऱ्यांचे सोडा, पण सगळेच टिळक नसतात.” हेही खरेच आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

टिळकांना स्वतःलाही संस्थेची चौकट पुढेपुढे जाचू लागली असावी. तुकोबांचे ऋण ते उघड मानीत. अभंग, कीर्तन हीच त्यांची भाषा होती. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पुरती दोन वर्षेही हा प्रयोग त्यांच्या हाती राहिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

मागे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. सुमारे दहा अध्याय झाले होते. शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. १९३६ साली त्या वारल्या. शेवटचा अध्याय त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी, लिहून ग्रंथ पुरा केला.