पडद्यावरील श्रुत आणि हातचे कर्म

२०२४ सालच्या श्रावणातील एक लहानसा प्रसंग प्रारंभी नमूद करावासा वाटतो. आंतरवासितेच्या काळात अनुभवासाठी आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या एका विद्यार्थिनीस आम्ही ओली गुळवेल आणावयास सांगितले. तासाभराने ती वेलीची मोळी घेऊन आली. वेल कडुनिंबावरचीच होती, पाने हृदयाकृती होती आणि खोड आडवे कापले असता चक्राकार रचनाही दिसत होती. चक्रलक्षणिका हा पर्याय तिने आम्ही न विचारताच सांगितला. त्यानंतर आम्ही तिला एका पानाची मागील बाजू अंगठ्याने चाचपण्यास सांगितले. तिच्या अंगठ्यास मखमलीसारखी लव लागली. गुळवेलीचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. तिने आणलेली वेल त्याच कुळातील, पण लवयुक्त पानांची, निराळी जात होती.

"सर, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. तिचा प्रवेश २०१९ सालचा. द्रव्यगुणाच्या अभ्यासाचा फार मोठा भाग या तुकडीने हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर पाहिला आहे.

ही चूक केवळ परीक्षेतील गुणांपुरती नव्हे, हे वैद्यबंधू-भगिनींना वेगळे सांगावयास नको. महामारीच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईतील काही वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे रुग्ण नोंदविले, आणि आयुष मंत्रालयाने त्यास उत्तर देताना, गुळवेलीसारखी दिसणारी, खोडावर ठळक गाठी असणारी दुसरी जात वापरली गेली असण्याची शक्यता पुढे केली. त्या वादाचा निवाडा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तथापि आपल्या शास्त्राचा बचाव ज्या क्षणी 'वेल ओळखण्यात चूक झाली असावी' या एका विधानावर येऊन ठेपला, त्याच काळात आपल्या महाविद्यालयांतील मुले वनस्पती ओळखण्याचे शिक्षण छायाचित्रांवरून घेत होती, ही गोष्ट आम्हांस तेव्हाही अस्वस्थ करून गेली आणि आजही करते.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. आम्ही स्वतः त्या शिकविण्यात सहभागी होतो, म्हणून हे अधिक स्पष्टपणे लिहितो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि काही आठवड्यांतच एका महाविद्यालयाने आम्हांस भैषज्यकल्पनेवर काही ऑनलाइन व्याख्याने देण्याची विनंती केली. आमची छोटी रसशाळा घरामागेच आहे. स्नेहपाक प्रत्यक्ष दाखवावा या उत्साहाने आम्ही मोबाइल एका घडवंचीस बांधला आणि बला तैल सिद्ध करण्यास घेतले. पडद्यावर विद्यार्थ्यांचे चेहरे नव्हते; नावे लिहिलेल्या काळ्या चौकटी होत्या. पाटण तालुक्यातील एका वाडीवरचा मुलगा रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसला होता, त्याच्या बाजूने केवळ वाऱ्याचा आवाज येत असे.

मृदू, मध्य आणि खर पाकाची लक्षणे आम्ही सांगितली. कल्क बोटांत घेऊन त्याची वात वळून दाखविली. तीच वात ज्योतीवर धरली. तडतड झाली नाही, म्हणजे जलांश गेला. "ऐकू आले का?" असे आम्ही विचारले. न होणारा आवाज मोबाइलमधून ऐकू आला का, हा प्रश्न किती हास्यास्पद होता, ते विचारल्यावर आमच्या ध्यानी आले. तेवढ्यात टेकडीवरच्या त्या मुलाने विचारले, "सर, पाक झाला की वास बदलतो म्हणता, तर नेमका कसा येतो?"

वीस-बावीस वर्षांच्या व्यवसायात असे निरुत्तर होण्याचे प्रसंग आमच्यावर थोडेच आले असतील. कच्च्या कल्काचा उग्रपणा जाऊन सिद्ध तैलाचा वास येतो, तो कोणत्या शब्दांत सांगावा? आम्ही काहीतरी बोललो. मुलांनी ते वहीत लिहून घेतले असणार, आणि परीक्षेत गंध, वर्ण, रस यांची उत्पत्ती होते असे लिहून गुणही मिळविले असणार. आम्हांस आमच्या गुरुजींनी हे शिकविले तेव्हा एक वाक्यही उच्चारले नव्हते. मान धरून कढईवर वाकविले आणि म्हणाले, "हा बघ." दुसऱ्या दिवशी तैल खरपाकाच्या पलीकडे जाऊन करपले, तेव्हा पुन्हा वाकविले आणि म्हणाले, "आणि हा बघ." ते करपलेले तैल आम्हांस आजही आठवते, पहिले मात्र तितके आठवत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: श्रुत निर्मळ असणे, कर्म अनेकदा पाहिलेले असणे, दाक्ष्य आणि शौच. या चतुष्टयाकडे पाहिले म्हणजे ऑनलाइन शिक्षणाविषयीचा आपला बराचसा वाद अनाठायी वाटू लागतो. पहिला गुण पडद्यावरून येऊ शकतो, किंबहुना पूर्वीपेक्षा चांगला येऊ शकतो. दुसरा व तिसरा येत नाही. चौथ्याबद्दल येथे न बोलणेच बरे.

पहिल्या गुणाबाबत कृपणता दाखविणे अन्यायाचे होईल. आमच्या विद्यार्थिदशेत चरकाची चक्रपाणिटीका हाती यावी म्हणून ग्रंथालयात पाळी लावावी लागे. आज हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय चिकित्सा संपदा संस्थेच्या ई-संहितेत एखादा शब्द संहितेत कोठे कोठे आला आहे, हे काही क्षणांत पाहता येते. हे सुख ज्यांनी अनुभवले नाही त्यांनी अवश्य अनुभवावे.

त्याहून मोठा लाभ तद्विद्यसंभाषेचा. विमानस्थानात अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत. पैकी तिसरा उपाय तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नसे. टाळेबंदीत आम्ही काही जणांनी रात्री साडेनऊ वाजता संहितावाचन सुरू केले, ते आजतागायत चालू आहे. त्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वैद्य भगिनी आहेत. पदवीनंतर अठरा वर्षे त्यांनी संहिता उघडली नव्हती. दवाखाना, मुले, सासूबाईंचे आजारपण, पुण्यामुंबईच्या चर्चासत्रांस जाणार कशा? ज्वरचिकित्सेचे वाचन चालू असता लंघनानंतरच्या पेयादी क्रमावर आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने विवेचन करीत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "सर, तुमच्या घाटावर पेज हे आजाऱ्याचे अन्न. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज ही रोजची न्याहारी. जो रोजच पेज पितो त्याला ज्वरात पेज सांगितली तर तो म्हणतो, मग औषध काय दिलेत?" त्या रात्री अकरा वाजून गेले तरी कोणी उठले नाही. सात्म्याचा विचार आम्ही पुस्तकात शंभरदा वाचला होता, तो त्या दिवशी कळला.

चरकांनी संभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. वाचनमंडळात पहिला नांदतो. भ्रमणध्वनीवरील आपल्या व्यावसायिक गटांत दुसराच अधिक नांदतो, हे अनुभवी वाचक मान्य करतील.

खरी चिंता वाटते ती श्रुताच्या नावाखाली कर्म विकले जाते तेव्हा. सात दिवसांत नाडीपरीक्षा, घरबसल्या अग्निकर्म, शेवटी प्रमाणपत्र, अशा जाहिराती आमच्याकडेही दर आठवड्यास येतात. अशा एका वर्गास आम्ही जिज्ञासेपोटी शुल्क भरून बसलो. सातही दिवस सुंदर चित्रे पाहिली. आमची तीन बोटे रुग्णाच्या मनगटावर योग्य ठिकाणी, योग्य दाबाने पडतात की नाही, हे पाहणारे तेथे कोणी नव्हते, आणि प्रमाणपत्र मात्र वेळेवर आले.

तथापि या सर्व प्रकरणात आम्हांस सर्वाधिक खंत एका वेगळ्याच गोष्टीची आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात योग्या सांगितली आहे. छेद्यकर्माचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी यांवर. भेद्याचा पाण्याने वा चिखलाने भरलेल्या पखालीवर. एष्याचा किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि वेळूवर. सीव्याचा जाड व पातळ कापडावर. बंधनाचा मातीच्या वा कापडी पुतळ्यावर. म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण समोर नसताना हात कसा तयार करावा, याचे उत्तर आपल्याजवळ आधीच होते. टाळेबंदीत कोणत्या घरात काकडी नव्हती? कोणत्या घरात सुईदोरा आणि जुने लुगडे नव्हते? पडद्यासमोर शिक्षकाने टाका घालून दाखवावा, मुलाने घरी कापडावर पंचवीस टाके घालावेत, त्याचे छायाचित्र पाठवावे आणि चुकलेले टाके उसवून पुन्हा घालावेत, एवढे निश्चितच होऊ शकले असते. आम्ही शल्यतंत्राचे शिक्षक नव्हतो, ही सबब खरी. पण पट्टबंधन तर आम्हांसही शिकविता आले असते. आम्ही दोन तास बोललो आणि टिपणे पाठविली. सुश्रुताचा अध्याय मुलांना पाठ झाला, त्यातील काकडी मात्र कोशिंबिरीतच गेली.

भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी २०२१ साली आलेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२२ च्या नियमांत कौशल्यावर भर दिला आहे, आणि वैकल्पिक विषय ऑनलाइन ठेवले आहेत. ही विभागणी आम्हांस योग्य वाटते. परंतु नियम पुढील तुकड्यांसाठी असतात. २०१९ व २०२० साली प्रवेश घेतलेली मुले पदवी घेऊन दवाखान्यांच्या पाट्या लावू लागली आहेत. त्यांना मागे बोलावून कोणी पुन्हा रसशाळेत उभे करणार नाही. ते काम ज्यांच्या हातून आजही तैल सिद्ध होते, जे आजही रानात जाऊन वेल आणतात, अशा आपल्या संघटनेतील व्यावसायिकांनाच करावे लागेल, आणि त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आमच्याकडे गेल्या माघापासून मंगळवारी सकाळी सात ते दहा या वेळेत नवपदवीधरांसाठी रसशाळा उघडी असते. एका वेळी चौघांहून अधिक घेत नाही, कारण कढईभोवती तेवढेच वाकू शकतात. शुल्क नाही. पहिल्या महिन्यात काढे व अवलेह, दुसऱ्यात स्नेह, पावसाळा लागला की टेकडीवर वनस्पती. अतिविषाची कळी प्रत्येकाने मोडून, किंचित जिभेवर ठेवून पाहावी लागते. वत्सनाभ दुरूनच दाखवितो आणि त्या बरणीची किल्ली आमच्याजवळ राहते. एक तैल आम्ही मुद्दाम करपवितो. आसपासच्या तालुक्यांतील ज्या वैद्यांस आपला दवाखाना असाच एका सकाळी उघडा ठेवणे शक्य असेल, त्यांनी संघटनेच्या कार्यालयास वार व वेळ कळवावी, म्हणजे पुढील अंकात यादी देता येईल. येणाऱ्या मुलांना एवढेच सांगावे की, जुने कपडे घालून यावे. स्नेहाचे डाग जात नाहीत.