मागच्याचाच दोष?

घाटात चार गाड्या एकमेकींवर आदळल्या की खाली उतरलेले चालक आपापल्या मागच्याकडे बोट दाखवतात, ‘यानं ठोकलं’. सर्वांत मागच्याला मागे कोणीच नसतं. तो पुढच्याकडे बोट करतो, ‘यानं अचानक ब्रेक मारला!’

नियमाचा कल सुरुवातीला मागच्याच्या विरोधातच असतो. पुढचं वाहन एकाएकी थांबलं तरी धडक टळेल इतकं अंतर मागच्यानं राखायचं असतं. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तेवढा रस्ता संपलेला असतो.

साखळी अपघातात मात्र प्रत्येक धडकेचा हिशेब वेगळा होतो. मधली गाडी व्यवस्थित थांबली होती आणि मागच्या ट्रकनं तिला पुढे ढकललं, तर दोन्ही धडका ट्रकच्या नावावर. मधली आधीच पुढच्या गाडीवर आदळली असेल, तर ती धडक तिची. म्हणून सर्वांत पुढच्या चालकाला हादरा एकदा बसला की दोनदा, हा प्रश्न कळीचा. डॅशकॅमचं चित्रण, गाड्यांवरच्या खुणा आणि पंचनामा यांतूनही क्रम उलगडतो.

पुढचाही नेहमी निर्दोष नसतो. कोइम्बतूरजवळ २०१७मध्ये महामार्गावर एका कारनं इशारा न देता अचानक ब्रेक मारला. मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायाधिकरणानं कारला मोकळं सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२५मध्ये दोष असा वाटला : कार ५० टक्के, बस ३० टक्के, दुचाकीस्वार २० टक्के. महामार्गावर कोणत्याही वैयक्तिक अडचणीसाठी असं एकाएकी थांबणं समर्थनीय नाही, असं न्यायालयानं बजावलं. दुचाकीस्वारानं पुरेसं अंतर राखलं नव्हतं, म्हणून त्याच्या भरपाईतून २० टक्के वजा झाले.

जखमीची स्वतःची चूक नसेल, तर त्याला हा हिशेब सुटेपर्यंत थांबावं लागत नाही. दोषी वाहनांपैकी कोणा एकाकडूनही तो पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५मध्ये स्पष्ट केलं आहे. कोणाचा वाटा किती, हे मग त्या वाहनांचे मालक आणि विमा कंपन्या आपापसांत बघतील.