सीमेवरचा जिल्हा नदीपासून शिकवा

प्राथमिक शाळेत आपला जिल्हा शिकताना गडचिरोलीच्या मुलाला पहिल्यांदा कळते ते हे की, आपण राज्याच्या टोकाला आहोत. पुढे छत्तीसगड आणि तेलंगण. धडा इथेच थांबला, तर नकाशावरची रेघ अनादि काळापासून तिथेच असावी आणि आपण कशाच्याही मध्यभागी नाही, असे त्याच्या मनात ठसते. सीमेवरच्या जिल्ह्यांत भूगोल आणि इतिहास म्हणूनच एकत्र शिकवायला हवेत, आणि सुरुवात नदीपासून व्हायला हवी. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे प्राणहिता. ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि आणखी खाली सोमनूरला इंद्रावतीही येऊन मिळते. नद्यांच्या नकाशात सिरोंचा टोकाला नाही. सगळे पाणी त्याच्याकडेच वाहत येते. याच तालुक्याच्या खडकांत डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत.

या भूमीपुढे रेघांचे वय फार कोवळे आहे. चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि 1854 मध्ये इंग्रजांकडे गेले. सिरोंचा 1860 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांना मिळाले आणि 1874 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडले गेले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. मेक्सिकोचे कोआविला राज्यही असेच: 1824 मध्ये टेक्सास आणि ते मिळून एकच राज्य होते, आज मध्ये रिओ ग्रांदे नदी आणि दोन देश आहेत.

यावर आक्षेप येईल की लहान मुलांना एवढ्या सनावळ्या झेपणार नाहीत. पण सिरोंच्याच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, भामरागडात माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली ऐकतच ही मुले वाढतात. गुंतागुंत त्यांच्या कानांवर रोज पडते. धडा फक्त तिचे कारण सांगेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सीमा बदलतात असे शिकवले तर राज्याविषयीची आपुलकी कमी होईल. प्रत्यक्षात उलटे घडते. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन राज्ये हक्क सांगतात; गोदावरीवरच्या तेलंगणच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे पाणी सिरोंच्याच्या शेतांत शिरले आहे. हद्द कशी ठरली हे ज्याला ठाऊक नाही, त्याला अशा प्रश्नांत आपला हक्क कोणाकडे मागावा हेही कळत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती: जिल्ह्याच्या धड्याचा पहिला नकाशा नद्यांचा काढून घ्या, राज्यांच्या रेघा त्यावर नंतर ओढा आणि प्रत्येक रेघेवर तिचे साल लिहायला लावा.