उबेची पेटी : तिला कोणते काम सांगावे, कोणते सांगू नये



कोंबडी खुडूक झाली की २१ दिवस अंड्यांवर बसते. तिच्या अंगाची ऊब अंड्यांना मिळते. मधूनमधून ती चोचीने अंडी फिरवते. मग पिल्ले बाहेर येतात. हेच काम आता एक लहानशी विजेची पेटी करते. तिला उबवणी यंत्र म्हणतात. आमच्या गावातही दोन-तीन घरी ही पेटी आली आहे.

पण पिल्ले निघाली, की पेटी माळ्यावर जाते. मग ती धूळ खात पडते. लोक आम्हाला विचारतात, "गुरुजी, पैसे घालून पेटी आणली. हिचा दुसरा काही उपयोग होतो का?"

होतो. पण कुठे होतो आणि कुठे होत नाही, ही दोन्ही उत्तरे आपल्याला ठाऊक पाहिजेत.

पेटीत असते काय?

पेटीच्या भिंती थर्माकोलच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. त्यांतून ऊब लवकर बाहेर जात नाही. आत एक दिवा किंवा तापणारी तार असते. हवा फिरावी म्हणून बहुधा लहान पंखा असतो. ओलाव्यासाठी पाण्याची जागा असते. ऊब ठरलेल्या आकड्यावर गेली, की वीज आपोआप बंद होते. ऊब उतरली, की पुन्हा सुरू होते. अंड्यांसाठी हा आकडा साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात.

म्हणजे ही पेटी काही चूल नव्हे. ती शिजवत नाही, वाळवत नाही. ती फक्त मंद आणि सारखी ऊब देते. ज्या कामाला अशी ऊब लागते, तेवढेच काम तिला सांगावे.

विजेचा हिशोब सोपा आहे. ४० वॅटचा दिवा २४ तास जळला, तर ४० गुणिले २४, म्हणजे ९६० होतात. १००० झाले की एक युनिट. म्हणजे दिवसरात्र मिळून एक युनिटही होत नाही.

बियाण्याची परीक्षा

आमच्या मते पेटीचा सर्वांत मोठा उपयोग हा आहे. उन्हाळी भुईमूग जानेवारीत पेरतात. तेव्हा रात्री थंडी असते. घरात बी तपासायला ठेवले, तर ते लवकर उगवत नाही. बी खराब की थंडी जास्त, हेच कळत नाही. पेटीत ती अडचण राहत नाही.

पोत्यातून वरचे, मधले आणि खालचे मूठमूठ बी घ्या. त्यातले १०० दाणे न निवडता मोजा. चांगले चांगले वेचू नका, नाहीतर आपणच आपल्याला फसवू. ओल्या फडक्यावर दहा-दहाच्या दहा रांगा मांडा. वर दुसरे ओले फडके घाला आणि सैल गुंडाळी करा. फडके ओले असावे, पण त्यातून पाणी गळू नये. पेटीचा आकडा २५ ते ३० अंशांवर ठेवा. फडके सुकले तर पाणी शिंपडा.

सोयाबीन ८ दिवसांनी आणि भुईमूग १० दिवसांनी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेले दाणेच धरा. ते ७० किंवा जास्त असले, तर बी पेरण्याजोगे आहे. कमी असले, तर बी बदला, किंवा बियाणे किती वाढवावे ते कृषी सहायकाला विचारा. हे १०० दाणे मोजायला अर्धा तास लागतो. दुबार पेरणी आली तर हंगामच हातचा जातो.

मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बीही थंडीत असेच पेटीत रुजवता येते. मात्र कोंब दिसताच ट्रे उजेडात काढा. अंधारात राहिले तर रोप पिवळे आणि लांबट होते.

दही, पीठ आणि मोड

थंडीत दही लागत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही, मटकीला मोड येत नाहीत. ही कामेही पेटी करते. दह्याला ३५ ते ३८ अंश चालतात. पिठाला आणि मटकीला ३० च्या आसपास पुरे.

पण इथे एक नियम कडक पाळा. ज्या पेटीत अंडी उबवली, तिच्यात खायचा पदार्थ ठेवू नका. कच्च्या अंड्याच्या टरफलावर आणि पिल्लांच्या विष्ठेत रोगाचे जंतू असू शकतात. पंख्याच्या फटीत बसलेली घाण धुऊन निघत नाही. दह्यासाठी थर्माकोलचा स्वच्छ खोका घ्या. त्यात विरजणाच्या भांड्याशेजारी गरम पाण्याची बाटली ठेवून झाकण लावा. विजेचीही गरज नाही.

उरलेला भात, आमटी किंवा दूध अशा उबेत कधीच ठेवू नका. जी ऊब अंड्याला मानवते, तीच जंतूंनाही मानवते.

बाळासाठी नाही

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेजारच्या एका आजींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, दवाखान्यात कमी दिवसांचं बाळ पेटीत ठेवतात. मग ही पेटी का नको?"

आजींचा प्रश्न वेडा नव्हता. पॅरिसच्या तार्निए नावाच्या डॉक्टरांना कोंबड्यांची उबवणी यंत्रे पाहूनच बाळांच्या पेटीची कल्पना सुचली. १८८० च्या सुमारास त्यांनी ती प्रसूतिगृहात वापरायला सुरुवात केली. पण त्यांनी कोंबडीची पेटी आणली नाही, बाळासाठी निराळी करवून घेतली. आपल्या पेटीत बाळाला पुरेशी हवा नाही. आकडा चुकला तर बाळ भाजेल. वीज गेली तर गारठेल. म्हणून बाळ या पेटीत कधीही ठेवू नये.

मग करावे काय? ताबडतोब १०८ ला फोन करा. आशाताईंना बोलवा. तोवर बाळाला कोरडे पुसा, टोपी घाला. आईच्या उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून ठेवा आणि वरून पांघरूण घाला. बाळाचे तोंड-नाक मोकळे राहू द्या. आई अत्यवस्थ असेल तर बापाने किंवा आजीने असे धरावे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या होत्या. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हीच रीत सुरू केली. आज मोठमोठी रुग्णालये ती वापरतात.

तेव्हा पेटी माळ्यावरून खाली काढा, पुसा आणि बियाण्याच्या कामाला लावा. बाळाची ऊब मात्र आईच्या कुशीत.