तुमच्या मुलीच्या नावावर ९,९०० रुपये

हैदराबादच्या गौलीगुड्यातून एका आईंनी पाठवलेली चिठ्ठी वाचल्यापासून दुसरं काही हातात घ्यावंसं वाटत नाही.

त्यांच्या मुलीनं सरकारी खर्चाचा शिवणकामाचा अभ्यासक्रम केला. रोज अंगठा लावला, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळालं. मग प्रशिक्षण केंद्रानं लांबच्या एका कारखान्याचं नेमणूकपत्र पुढे करून सही घेतली. पगारातून बसभाडं आणि जेवण वजा करता हाती काही उरेना, म्हणून ती गेलीच नाही. आता बरोबरीच्या मुली सांगतात की कागदावर ती तिथे नोकरीला आहे. आई विचारतात, "हे बघायचं काम कुणाचं? आणि आम्ही विचारलेलं चालतं का?"

चालतं. पण विचारण्याआधी तिच्या नावावर किती पैसे गेले ते समजून घ्या. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये कौशल्य योजनांसाठी खर्चाचे एकसारखे निकष ठरवले. अभ्यासक्रमांचे तीन वर्ग केले आणि एका प्रशिक्षणार्थीमागे तासाला ३८.५० रुपये, ३३ रुपये आणि २७.५० रुपये असे दर लावले. पुढे ते वाढले. त्यातला मधला दर आणि ३०० तास धरले तर होतात ९,९०० रुपये. बॅच सुरू झाली की ३० टक्के, मुलं उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्रं निघाली की ५० टक्के आणि नोकरीचा पुरावा दिला की उरलेले २० टक्के, असे ते तेव्हाच्या नियमानं सुटायचे. मुलगी कामाला लागो न लागो, ७,९२० रुपये प्रशिक्षण केंद्राला मिळून चुकायचे. नोकरीपायी अडायचे ते फक्त १,९८० रुपये.

म्हणून सगळा भार प्रमाणपत्रावर येतो, आणि प्रमाणपत्र देणार त्या त्या उद्योगक्षेत्राच्या कौशल्य परिषदा. २०१६ मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनं या परिषदांमधले हितसंबंध एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलं. परीक्षा आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर लक्ष ठेवायला एक राष्ट्रीय नियामक परिषद डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाली. तिचं काम सुरू व्हायला २०२० उजाडलं.

या गोष्टींकडे कुणी पाहतच नाही, असं मात्र नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. सुमारे ९६ लाख प्रशिक्षणार्थींच्या नोंदींपैकी ९० लाखांहून जास्त ठिकाणी बँक खात्याचा रकाना रिकामा किंवा निरर्थक होता. काही ठिकाणी खाते क्रमांक म्हणून ओळीनं नुसते १ चे आकडे भरलेले. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी नोंद. तपासनिसांनी निवडक लाभार्थींना ई-मेल धाडून विचारणा केली, तेव्हा १७१ उत्तरं आली. त्यांतली १३१ एकाच पत्त्यावरून किंवा प्रशिक्षण देणाऱ्यांच्याच पत्त्यांवरून आली होती. दिल्लीहून मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर केंद्रच देत असेल, तर मुलीपर्यंत पोचायची वाट कुणालाच ठाऊक नाही असं म्हणावं लागतं.

ग्रामीण तरुणांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय योजनेत ही वाट आखायचा निदान प्रयत्न झाला. आपल्या राजेंद्रनगरची ग्रामीण विकास संस्था तिच्या तांत्रिक देखरेखीत होती. निदान ७० टक्के मुलांना नोकरी, बायोमेट्रिक हजेरी, पगाराच्या पावत्या, आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेतच वेगळा तपासणी गट, असे कडक नियम होते. पण ती योजना गावांसाठी. गौलीगुड्यातली मुलगी तिच्यात बसत नाही.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. मुलीपर्यंत पोचायची रीत हैदराबादनंच देशाला घालून दिली आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ मध्ये जनसुनावण्या सुरू केल्या. अविभाजित आंध्रनं २००६ पासून तीच रीत रोजगार हमीच्या कामांसाठी सरकारी यंत्रणेत आणली आणि २००९ मध्ये त्यासाठी इथे स्वतंत्र सोसायटी उभी केली. मजुरांच्या घरांतली शिकलेली मुलं तयार केली. ती मस्टर हातात घेऊन दारोदार जायची: या आठवड्यात सहा दिवस काम केलंत म्हणून लिहिलंय, केलंत का? हाती किती आले? मग मंडलाच्या ठिकाणी अधिकाऱ्यांच्या समोर सगळं मोठ्यानं वाचलं जायचं. ज्या बाईच्या नावावर पैसे उचलले, ती तिथे उभी राहून नाही म्हणू शकायची. मेघालयानं तर २०१७ मध्ये अनेक योजनांना लागू होणारा सामाजिक लेखापरीक्षणाचा कायदाच केला.

कौशल्य केंद्रांना हीच रीत लावावी, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलो आहे. शहरात ग्रामसभा नाही आणि बॅच संपली की मुलं पांगतात, या दोन अडचणी खऱ्याच. पण शेवटचा हप्ता सोडण्याआधी वॉर्डात एक सुनावणी घेता येईल. बॅचमधली नावं आणि प्रत्येकीच्या नावावर दाखवलेली नोकरी, एवढी यादी केंद्राच्या भिंतीवर लावायला खर्च तरी किती?

तोवर त्या आईंनी एवढं करावं. प्रमाणपत्रावर योजनेचं नाव आहे. ती योजना राबवणाऱ्या कार्यालयाकडे मुलीच्या सहीनं, दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. तिची हजेरी किती दिवसांची लागली, तिच्या नावावर केंद्राला किती पैसे कोणत्या तारखेला मिळाले, तिची नोकरी कुठे दाखवली आणि पगाराचा पुरावा म्हणून काय जोडलं, एवढंच विचारावं. केंद्र खासगी असलं तरी त्याच्याकडून कायद्यानं मागवता येणारी माहिती सरकारी कार्यालयाला द्यावी लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मराठीत लिहू नका. तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. लिहिता येत नसेल तर माहिती अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायचं असतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे अपील करा.