कृषिविषयक साधनांचा शोध आणि शब्दांची साक्ष

शेती, शासकीय धोरण आणि ग्रामविकास या विषयांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार अशी की, साधने मिळत नाहीत. वस्तुतः महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर साधनांचा तोटा नाही. अडचण निराळी आहे. ज्या नावाने आपण आज एखादी गोष्ट ओळखतो त्याच नावाने ती दप्तरात नोंदली गेली असेल, असे आपण गृहीत धरतो आणि तेथेच वाट चुकते. साधन शोधण्यापूर्वी त्याचे तत्कालीन नाव शोधावे, एवढेच प्रस्तुत टिपणात सोदाहरण सांगावयाचे आहे.

पहिले उदाहरण दुष्काळाचे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आयोग नेमला गेला व त्याच्या शिफारशींवरून प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळ-संहिता, सिद्ध झाल्या. पुढे १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने अधिनियम करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला. शासकीय व्यवहारात ‘टंचाई’ हा शब्द रूढ झाला. यानंतर नऊ वर्षांनी, १९७२-७३ साली, राज्यावर भीषण अवर्षण कोसळले. लोकांनी त्यास दुष्काळच म्हटले. शासनाच्या लेखी ती टंचाई होती. म्हणून ज्या टंचाई-कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आकारास आला, त्यांचे कागद ‘दुष्काळ’ या शीर्षकाखालीच धुंडाळणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. उलट ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनाने १५१ तालुक्यांत जाहीर केला तो ‘दुष्काळ’. शब्द परत आला. परंतु तो ठरविण्याची कसोटी आता पर्जन्यमान, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा अशा निर्देशांकांवर आधारलेली होती.

दुसरे उदाहरण लहान, पण उपयुक्त. पिकाची प्रत ठरविण्याच्या पद्धतीस पूर्वी ‘आणेवारी’ म्हणत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. १९५७ साली दशमान नाणी आली आणि कागदोपत्री ‘पैसेवारी’ हा शब्द स्थिरावला. जुन्या आठ आण्यांचे आता पन्नास पैसे झाले. केवळ ‘पैसेवारी’ शोधणाऱ्याच्या दृष्टीस त्यापूर्वीची दप्तरे पडणारच नाहीत. गावकरी मात्र अद्यापि आणेवारीच म्हणतात, हेही मुलाखती घेणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १९६१ च्या जनगणनेत भारतातील काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटी होती. १९७१ मध्ये ती जवळजवळ निम्म्यावर आली. दहा वर्षांत कोट्यवधी स्त्रियांनी शेत सोडले काय? तसे मुळीच नव्हे. १९६१ साली हंगामाच्या बहुतेक काळात दररोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती ‘कामकरी’ गणली गेली होती. १९७१ साली प्रत्येकाचे ‘मुख्य’ काम कोणते, असे विचारले गेले. ज्या स्त्रीने घर सांभाळून खुरपणी-कापणी केली तिची नोंद गृहिणी म्हणून झाली. १९८१ साली ‘मुख्य’ व ‘सीमान्त’ असे दोन वर्ग करावे लागले, ते याच दोषाच्या जाणिवेतून. प्रश्नातील एका शब्दाने निम्मे मनुष्यबळ अदृश्य होते, आणि अशा आकड्यांवर धोरणे आखली जातात.

सातबाऱ्याचीही हीच गत. गाव नमुना सात हा हक्काचा अभिलेख, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. १९७०-७१ पासून होत असलेली कृषिगणना मात्र मालकी पाहत नाही. प्रत्यक्ष वहिवाट कोणाची हे पाहते. ‘खातेदार’ आणि ‘शेतकरी’ समानार्थी मानून या दोहोंतील आकडे एकत्र मांडणे अशास्त्रीय होय.

तेव्हा शोधाचा क्रम असा असावा. प्रथम विषयाचे पर्यायी शब्द कालानुक्रमे टिपावेत. यासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), विल्सनचा महसुली व न्यायालयीन शब्दांचा कोश (१८५५) आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ (१९१५) हे हाताशी ठेवावेत. त्यानंतर गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल व हॅरल्ड मॅन यांची १९१७ पासूनची दख्खनमधील ग्रामपाहणी पाहावी. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’, कृषि विद्यापीठांच्या साहित्यासाठी ‘कृषिकोश’ आणि जागतिक वाङ्मयासाठी अन्न व कृषि संघटनेची ‘ॲग्रिस’ ही सूची उपलब्ध आहे. त्याच संघटनेचा ‘ॲग्रोव्होक’ हा शब्दसंग्रह पर्यायी संज्ञा एकत्र जोडून देतो.

प्रत्येक साधनापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात : संज्ञा कोणती, व्याख्या काय, वर्ष कोणते आणि नोंद कोणी केली. शेवटची बाब गौण नव्हे. पिकांची जी पाहणी पूर्वी तलाठी करी, ती २०२१ पासून ई-पीक पाहणीत स्वतः शेतकरी नोंदवू लागला. सांगणारा बदलला की साक्षीचे स्वरूपही बदलते. हे चार रकाने भरल्याखेरीज दोन आकड्यांची तुलना करू नये.